वारसनोंद बाकी

८ जानेवारी २००६, रविवार
न्यू ऑर्लिन्सला पोहोचले. उतरताना खाली सगळीकडे निळे तुकडे दिसले. शेजारचा मुलगा म्हणाला, ताडपत्र्या. छपरांवरच्या. वादळ ऑगस्टच्या २९ तारखेला झालं, ताडपत्र्या अजून तशाच.
लेक घ्यायला आली होती. वाळली आहे. "घर कधी दाखवतेस?" विचारलं. "उद्या. आधी जेवून घे."
मुक्काम मेटरीत, भाड्याच्या दोन खोल्यांत. मध्ये फक्त एक कालवा. त्याची न्यू ऑर्लिन्सकडची भिंत फुटली, मेटरीकडची राहिली. या बाजूला दुकानं उघडी, पलीकडे सिग्नलसुद्धा नाहीत. चौकाचौकात तिकाटण्यांवर 'थांबा'च्या पाट्या ठेवल्या आहेत.

९ जानेवारी
घर पाहिलं.
जेंटिली. लंडन अॅव्हेन्यू नावाच्या कालव्यापासून जवळच. गल्लीत गवत राखाडी, झाडं राखाडी, गाड्या राखाडी. पक्षी नाहीत. रस्त्याच्या कडेला चिकटपट्ट्यांनी बांधलेले फ्रिज उभे. लेक म्हणाली, उघडायचे नाहीत, कितीही जवळचा असला तरी.
भिंतीवर पाण्याची तपकिरी रेघ माझ्या डोक्याच्या वर. दारावर नारिंगी रंगाची फुली. फुलीच्या चार कोनांत चार नोंदी : वर तपासणीची तारीख, डावीकडे पथक, उजवीकडे धोका काय, खाली सापडलेली माणसं. आमच्या दाराच्या खाली ०. नोंद कशी करावी हे त्या माणसाला ठाऊक होतं. आयुष्य सिटी सर्व्हेच्या कचेरीत गेलं, हे आधी डोळ्यांत भरतं. शेजारच्या दोन दारांवरही ०. कोपऱ्यावरच्या दाराकडे लेकीने मला जाऊ दिलं नाही.
परसात वाळू. स्वच्छ, बारीक, घोट्याच्या वर. बागेत कुठून आली विचारलं तर जावई नुसते कालव्याकडे हात करून गप्प.

११ जानेवारी
'टाइम्स-पिकायून'मध्ये शहराचा नकाशा आला आहे. महापौरांनी नेमलेल्या समितीचा. त्यावर हिरवी वर्तुळं. या जागी पुढे बागा, मोकळी मैदानं होऊ शकतात म्हणे, पाणी मुरायला. ब्रॉडमूर, लोअर नाइन्थ वॉर्ड. एक वर्तुळ जेंटिलीवरही. वस्तीतल्या लोकांनी परत यायचं पक्कं आहे हे आधी दाखवून द्यायचं, तोवर परवानगी थांबवा, अशी सूचना.
परत यायला घर लागतं. घराला परवानगी लागते. परवानगीला परत आलेले लोक लागतात.
जावयांनी नकाशावर बोट ठेवून बराच वेळ पाहिलं. वर्तुळ मोठं, रेघ जाड. आपलं घर आत की बाहेर ते कळत नाही. असला नकाशा आमच्याकडे मोजणीदाराने आणला असता तर साहेबांनी परत पाठवला असता.

१४ जानेवारी
संक्रांत. तीळ मिळाले, गूळ नाही.

१७ जानेवारी
विद्यापीठ सुरू झालं. जावई चार महिन्यांनी वर्गावर गेले. जेंटिलीतलं डिलर्ड विद्यापीठ पुरात गेलं, त्यांचे वर्ग नदीकाठच्या हिल्टन हॉटेलात भरताहेत. मुलं तिथेच राहतात, तिथेच शिकतात.
महापौर नेगिन काल भाषणात म्हणाले, शहर पुन्हा 'चॉकलेट' होईल. दिवसभर टीव्हीवर तेवढंच. नकाशाबद्दल आज कोणी बोललं नाही.

२८ जानेवारी, शनिवार
घर सोलायला घेतलं. इथे भिंत म्हणजे वीट नव्हे. लाकडी दांडे, त्यांना दोन्हीकडून जिप्समचे पत्रे, शीटरॉक म्हणतात. ओला शीटरॉक भिजल्या पावासारखा हातात येतो. मागे बुरशी. काळी, हिरवी, एके ठिकाणी केशरी. सगळ्यांनी पांढरे कागदी डगले आणि तोंडाला मुखवटे घातलेले. मला आत जायची बंदी. मी बाहेर खुर्ची टाकून भांडी घासली. स्टीलची सगळी वाचली. ब्लीचच्या पाण्यात बुडवायची, मग साबण, मग ऊन. कुकर ठीक आहे, शिट्टी गेली. पितळेचा बाळकृष्ण जावयांना नोव्हेंबरातच गाळात सापडला होता, काळा पडलेला. चिंचेने घासला, निघाला.
पुस्तकं फावड्याने काढली.
संध्याकाळी रस्त्याकडेला ढीग माझ्याहून उंच. लेक ढिगाकडे पाठ करून गाडीत बसली.

४ फेब्रुवारी
समोरच्या घरापुढे आज एक आजीबाई. ह्यूस्टनहून बसने आल्या. हातात छत्री आणि जेवणाचा डबा. पायरीवर बसून होत्या, आत गेल्या नाहीत. मी पाणी नेऊन दिलं. मला "बेबी" म्हणाल्या. वयाने दहा वर्षांनी तरी मोठ्या असतील, तेव्हा चालेल.

५ फेब्रुवारी
आज घराचा विमा उतरवणाऱ्या कंपनीचा माणूस. लेकीचा घराचा विमा वेगळा, पुराचा वेगळा. पुराचा सरकारी, घराला अडीच लाख डॉलरच्या वर मिळतच नाही. घराच्या विम्यात वाऱ्याचं नुकसान धरतात, पाण्याचं नाही. म्हणून तो माणूस छपराकडे बघून विचारतो, कौल आधी उडालं की पाणी आधी आलं? घरात कोणी असतं तर सांगितलं असतं.

१३ फेब्रुवारी
क्लेबोर्न रस्त्यावरून गेलो. वर हायवेचा पूल, खाली पाण्यात बुडालेल्या गाड्या ओळीने लावलेल्या. नजर पोहोचेपर्यंत गाड्या. काचांवर वाळलेला गाळ, त्यावर कोणी बोटाने नावं लिहिलेली.

२८ फेब्रुवारी
मार्डी ग्रा. वाटलं होतं यंदा नसेल. आहे. लोक नाचताहेत. निळ्या ताडपत्रीचे झगे शिवून घातलेत. फ्रिजचं सोंग घेतलेला एक माणूस पाहिला, अंगाला चिकटपट्ट्या. मी हसले. बाजूची बाई हसता हसता रडायला लागली, मग पुन्हा हसली.
जेंटिलीत शुकशुकाट.

१६ मार्च
कॉलेजची मुलं आली आहेत, कुठून कुठून. सुट्टीत समुद्रावर जायचं सोडून लोकांची घरं सोलताहेत. समोरच्या आजीबाईंचं घर आज सात-आठ जणांनी रिकामं केलं. आजीबाई खुर्चीवर बसून प्रत्येक वस्तूला हो-नाही सांगत होत्या. सगळं नाहीच होतं. एक पत्र्याचा डबा तेवढा "हो". आत कागद होते. लगदा झालेले.
मी विचारलं, घराचे कागद? "बेबी, घराचे कागद होतेच कुठे. घर आईचं."

१९ मार्च
काल रात्री झोप नाही. आजीबाईंकडून कळलेलं लिहून ठेवते.
घर आईच्या नावावर. १९७१ साली घेतलेलं. आई १९८८ साली गेली. आजारपणात सेवा करायला या आल्या, त्या राहिल्या. कर भरत आल्या. वारसनोंद केली नाही. भावंडं पाच : एक ह्यूस्टन, एक अॅटलांटा, एक शिकागो, एक या. पाचवा डेट्रॉइटला वारला, त्याची तीन मुलं. लुइझियानात आई गेली की घर सगळ्या मुलांचं. सगळ्यांचं म्हणजे कागदावर अजून मेलेल्या बाईचं.
आणि कर्ज फिटलेलं. ऐकायला चांगलं. पण पुराचा विमा बँक सक्तीने घ्यायला लावते. बँक नाही, म्हणून सक्ती नाही, म्हणून विमा नाही.
माझ्या टेबलासमोर असल्या बायका तीस वर्षं उभ्या राहिल्या. फक्त त्या नऊवारीत होत्या.

३० मार्च
गुढीपाडवा. घराला नुसते दांडे उरलेत. आतून आरपार दिसतं. जावयांनी मीटर टेकवून लाकडातली ओल मोजली. आकडा पंधराच्या खाली आला की भिंती बंद करायच्या. आज बावीस. स्वयंपाकघरात एका दांड्याला तेवीस.
झाडूची काठी, लेकीची ओढणी, वर स्टीलचा गडू. कडुनिंब नाही. समोरून आजीबाईंनी ओरडून विचारलं, हा कोणाचा झेंडा?

३ एप्रिल
एकोणीस.

१३ एप्रिल
घराच्या उंचीचा नियम काल आला. नुकसान निम्म्याहून जास्त असेल तर घर जमिनीपासून किमान तीन फूट उचलायचं. निम्म्याहून कमी असेल तर आहे तसं दुरुस्त करा. घर उचलायचं म्हणजे खाली जॅक लावून खरोखरच उचलतात. लाखाच्या गोष्टी. आणि जेंटिलीत नऊ फूट पाणी झालेल्या गल्ल्या आहेत. तीन फुटांनी काय होणार, हे कोणी विचारत नाही.
पालिकेत रांगा लागल्या आहेत. नुकसान त्रेपन्न टक्के लिहिलंय, एकोणपन्नास करा. आपल्याकडे पंचनाम्यात नुकसान वाढवून घ्यायला धडपडतात. इथे कमी करून घ्यायला. माणसं तीच.
जावयांना सत्तेचाळीस मिळालं. दुपारी वडापावच्या आठवणीने ब्रेडमध्ये बटाटा घालून खाल्ला.

२२ एप्रिल
महापौरपदाची निवडणूक. वीसहून जास्त उमेदवार. अॅटलांटा, ह्यूस्टनहून बसगाड्या भरून मतदार आले. आजीबाईही आल्या. मत देऊन घरासमोर बसल्या, संध्याकाळच्या बसने परत गेल्या.

२ मे
बारा.

९ मे
लाकूड सुकलं, आता इलेक्ट्रिशियन नाही. पोरगा चांगला आहे, पण एकाच वेळी पंधरा घरं. तपासनीस पाहून गेला की मगच भिंती बंद. वीज कंपनी गेल्या सप्टेंबरातच दिवाळखोरीत गेली आहे. लेक रोज फोन करते. तिचा आवाज फोनवर आता माझ्या साहेबांसारखा झाला आहे.

२१ मे
दुसऱ्या फेरीत नेगिनच निवडून आले. मिच लँड्र्यू पडले. जावई म्हणाले, आता तरी नकाशाचं काय ते ठरेल. लेक म्हणाली, नाही ठरणार, ज्याला जमेल तो बांधेल. मला वाटतं तीच खरी.

१ जून
आजपासून वादळांचा हंगाम. आणि आजच सैन्याच्या इंजिनिअर खात्याचा हजारो पानांचा अहवाल. त्यांचे प्रमुख जनरल स्ट्रॉक यांनी कबूल केलं, कालव्यांच्या भिंतींची रचनाच चुकली होती. लंडन अॅव्हेन्यूला पाणी भिंतीच्या माथ्यापर्यंत पोहोचलंही नव्हतं. खालच्या वाळूतून पाझरलं आणि भिंत सरकली.
परसातली वाळू ती.
जावयांनी पेपर घडी करून टेबलावर ठेवला. जेवताना म्हणाले, "वादळाने नाही गेलं घर." पुढे काही बोलले नाहीत. मला हेच शब्द दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडून ऐकल्याचं आठवलं, पण कुणाच्या ते आठवेना.

१९ जून
आजीबाईंच्या अंगणात सरकारी ट्रेलर आला. पांढरा, लांबट, चार पावलांत रुंदी संपते. किल्ली आली नाही. किल्ली देणारे वेगळे.

२७ जून
किल्ली आली. वीज आली नाही. वीज जोडणारे वेगळे.
आजीबाई पायरीवरच.

१२ जुलै
सकाळी फोन. काल संध्याकाळी मुंबईत लोकलमध्ये बॉम्ब. भाचा कालिन्याला असतो, त्याचा फोन लागत नव्हता. दुपारी लागला. ऑफिसात अडकला होता म्हणून वाचला. गेल्या वर्षी २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हाही तो असाच ऑफिसात अडकला होता.
तारखेकडे उशिरा लक्ष गेलं. पानशेत. पंचेचाळीस वर्षं.
मी सतरा वर्षांची. नारायण पेठेत राहत होतो. धरण फुटलं असं कोणी ओरडत गेलं, वडील म्हणाले अफवा. मग नदीच्या बाजूने आवाज. घराबाहेर पडलो ते पर्वतीकडे. दुसऱ्या दिवशी परतलो तेव्हा वाडा नव्हता. समोरच्यांची चुलीवरची तांब्याची कळशी आमच्या जागेवर पडलेली होती.
वडिलांनी तेव्हा म्हटलं होतं, पावसाने नाही गेलं घर. आता आठवलं.
चौकशी आयोग बसला. न्यायमूर्ती बावडेकरांनी मध्येच आत्महत्या केली. मग न्यायमूर्ती नाईकांचा आयोग. मोऱ्यांच्या काँक्रीटमध्ये सळया नव्हत्या, घाईने पाणी भरलं, हे सगळं बाहेर आलं. तोवर आम्ही गोखलेनगरला. जमीन सरकारी. घर आमचं, जमीन आमची नाही. त्या जमिनीच्या मालकीसाठी वडील गेले तरी अर्ज चालूच होते. पुढे मी सिटी सर्व्हेत लागले, तेव्हा टेबलाच्या या बाजूने तोच कागद पाहिला.
जावयांना हे सांगितलं. ते म्हणाले, "आई, किती वर्षं लागली?" मी म्हटलं, जेवा आधी.

३० जुलै
आजीबाईंच्या ट्रेलरला वीज आली. आत डोळे चुरचुरतात म्हणाल्या. दारं-खिडक्या उघड्या ठेवून एसी लावतात.

५ ऑगस्ट
राज्याची 'रोड होम' योजना सुरू होतेय. जास्तीत जास्त दीड लाख डॉलर. विमा मिळाला असेल तो वजा. लेकीच्या वाट्याला फार येणार नाही, विमा बराच मिळाला. तिला चालेल.
हिशोब असा : घराची वादळाआधीची किंमत किंवा दुरुस्तीचा खर्च, जे कमी ते. लेकव्ह्यूत तेवढ्याच खोल्यांचं घर, किंमत बरीच जास्त, कारण ती वस्ती 'चांगली'. लाकूड, शीटरॉक, सुतार मात्र दोन्हीकडे एकाच भावाने. आजीबाईंच्या घराची किंमत कमी, तेव्हा मदतही कमी. हे ज्याने लिहिलं त्याने घर बांधलेलं नाही.
आणि अर्जासाठी मालकी दाखवायला हवी.

१२ ऑगस्ट
आलेखाचा कागद आणला. आजीबाईंना टेबलाशी बसवलं. वंशावळ काढली.
आईपासून सुरुवात. आई डाव्या टोकाला, जन्म-मृत्यू खाली. मग पाच रेघा. वारलेल्यापुढे फुली, त्याच्यापासून तीन रेघा. प्रत्येकाचा पत्ता, फोन, लग्न झालं की नाही, नवरा-बायको जिवंत की नाही. दोन तास गेले. मधला भाऊ आणि आजीबाई बारा वर्षं बोललेले नाहीत, हे तिसऱ्या तासाला बाहेर आलं. वंशावळ काढताना नेहमी तिसऱ्या तासालाच निघतं.
चर्चमध्ये फुकट सल्ला देणारी एक वकीलीण बसते. तरुण. कागद पाहून म्हणाली, हे कोणी केलं? आजीबाई म्हणाल्या, "माझी बेबी. इंडियात हेच काम करायची."
कोर्टात अर्ज टाकायचा. सगळ्यांच्या सह्या हव्यात. नोटरीसमोर.

२७ ऑगस्ट, रविवार
गणपती. मूर्ती मेटरीच्या एका मराठी घरून आली, त्यांनी स्वतः मातीची केली. मेटरीच्या खोल्यांतच बसवला. जेंटिलीच्या घरात अजून नळाला पाणी नाही. अर्नेस्टो नावाचं वादळ आखाताकडे निघालं आहे. टीव्हीवर लाल रेघ. गाडीत पेट्रोल भरून ठेवलं, कागदपत्रं पिशवीत. गणपतीही पिशवीत न्यायचा का, यावर लेक आणि जावई यांची चर्चा.

२९ ऑगस्ट
वर्ष झालं. शहरात घंटा वाजवल्या. आज घर साफ करण्याची मुदत होती. न सोललेल्या घरांवर पालिका कारवाई करू शकते. आमच्या गल्लीत बारा घरं. चार सोललेली, दोन उचललेली, एकात माणूस राहतो. बाकी तशीच, दारावरची नारिंगी फुली उन्हाने फिकट.
अर्नेस्टो फ्लोरिडाकडे वळलं. आरती जोरात झाली.

२५ सप्टेंबर
सुपरडोम उघडला. गेल्या वर्षी त्याच छपराखाली हजारो माणसं अडकली होती. आज फुटबॉल. सेंट्सनी अॅटलांटाला २३-३ हरवलं. मला खेळ कळत नाही. सुरुवातीलाच आपल्या एकाने प्रतिपक्षाची किक अडवली आणि लेक, नातू, जावई, खालच्या मजल्यावरचे लोक, सगळे एकदम किंचाळले. मीही.
दुकानात संध्याकाळी राजमा-भात. इथे सोमवारी घरोघरी तोच असतो.
स्टेडियमला वर्ष लागलं. शहरातलं मोठं सरकारी रुग्णालय, चॅरिटी, बंदच आहे. आजीबाईंचा जन्म तिथला.

१० ऑक्टोबर
अॅटलांटाची सही आली. ह्यूस्टनची आली.

२१ ऑक्टोबर
दिवाळी. घरात भिंती आल्या! पांढऱ्या, कोऱ्या, शाईच्या खुणांसकट. रंग नाही, दारं नाहीत. लेकीने रिकाम्या दिवाणखान्यात पणत्या लावल्या. शेजारी अंधार, त्याच्या शेजारी अंधार. आजीबाई ट्रेलरमधून आल्या, करंजी खाल्ली, म्हणाल्या, आत काय, नारळ? मग शिकागोच्या भावाला फोन लावला. माझ्यासमोर. बारा वर्षांनी. पहिली दहा मिनिटं भांडल्या.

८ नोव्हेंबर
लादी बसवणारा ठेकेदार आगाऊ पैसे घेऊन गेला तो गेला. फोन बंद. लेक रडली नाही. वहीत खर्च लिहिला आणि त्यासमोर 'बुडीत' लिहिलं.

१४ नोव्हेंबर
शिकागोची सही आली. सोबत चिठ्ठी, तीन ओळींची. आजीबाईंनी मला दाखवली नाही.

३१ डिसेंबर
सेंट चार्ल्सची ट्राम थोड्या अंतरापुरती सुरू झाली. नातवाला घेऊन गेले.
पेपरात 'रोड होम'चे आकडे. अर्ज ऐंशी हजारांच्या वर. वर्षअखेरीला पैसे हातात पडलेली घरं शंभरही नाहीत. आकडा दोनदा वाचला. लेक म्हणते, पैसा वॉशिंग्टनहून आलेला आहे, पडून आहे. असेल. आमच्याकडेही निधी पडून असायचा. अडते ती सही.
शहरात २००० साली पावणेपाच लाखांवर माणसं होती. निम्मी परतली असतील-नसतील. दुकान उघडायला गिऱ्हाईक हवं, गिऱ्हाइकाला शाळा, शाळेला मुलं, मुलांना घर. आमच्या कोपऱ्यावरचा किराणावाला रोज येऊन शटर वर करतो, आत बघतो, खाली करतो.

११ जानेवारी २००७
हजारो लोक पालिकेवर चालून गेले. खून वाढलेत, त्यासाठी. जावई गेले होते. रिकाम्या गल्ल्यांत कोण कशाला थांबतंय, कोणाला ठाऊक. आम्ही अंधार पडायच्या आत मेटरीत परत.

१३ फेब्रुवारी
पहाटे चक्रीवात. जेंटिलीच्या पाँचारट्रेन पार्कमध्ये ट्रेलर उलटले. एक वृद्ध बाई गेली. बातमीत वय ऐकलं आणि हातातला कप खाली ठेवला. जावई गाडी घेऊन धावले. आजीबाई ठीक. ट्रेलर हलला, दोर टिकले. मला फोनवर म्हणाल्या, "बेबी, मी अजून इथेच आहे, हे त्या न्यायाधीशाला कळव."

३ मार्च
लेकीच्या घरात गॅस आला. चहा केला. ओट्याचा दगड नवा, त्यावर जुना कुकर, नवी शिट्टी. नळ सोडला की आधी तांबूस पाणी, मग स्वच्छ.
गल्लीत आता तीन घरांत दिवे.

१८ मार्च
राहायला आलो. सामान कमी, आवाज घुमतो.
पुण्याचं तिकीट २७ तारखेचं. एक गोष्ट वकीलीणबाईंना समजावून लिहून दिली : वारलेल्या भावाच्या तीन मुलांपैकी एकाचा पत्ता जुना असेल तर कराच्या नोंदीत किंवा मतदार यादीत बघा, माणूस पत्ता बदलतो, पण कुठे ना कुठे नाव ठेवतोच. ती म्हणाली, बघितलं. दोघांच्या आल्या.

२५ मार्च
आजीबाईंकडे जाऊन आले. त्यांनी वंशावळीचा कागद प्लास्टिकमध्ये घालून ट्रेलरच्या भिंतीला लावला आहे. ज्याची सही आली त्याच्यासमोर हिरवी टिक. कोर्टाची तारीख एप्रिलमध्ये. योजनेत अर्ज टाकला आहे, मालकीच्या रकान्यात 'प्रलंबित'. डेट्रॉइटच्या धाकट्या भाच्याची सही अजून बाकी आहे.